चि. महानंदा आणि चि. सौ. कां. महानंदा

शिवाजी पेठ, कोल्हापूर
३ मार्च २००२

कस्तुरी,

वर आशीर्वाद लिहायचा राहिला असं समजू नकोस. लिहिला न्हाय.

छापायचं मराठी वेगळं आणि आपलं वेगळं. एकोणतीस वर्षं मी या छापखान्यात लोकांच्या लग्नपत्रिका जुळवतीय. 'आग्रहाचे निमंत्रण', 'आपली उपस्थिती प्रार्थनीय', सगळं झोपेत पण जुळवीन. पण सख्ख्या भणीला काय तसलं लिहायचं? तुला मी घरच्या भाषेत लिहिणार. बोचलं तर बोचू दे.

अप्पांना माती देऊन आज चाळीस दिवस झाले. तू पाच दिवस राहिलीस. अव्वाचे पाय चेपलेस, शेजारच्या तानाबाईच्या गळ्यात पडून रडलीस, सगळं रीतीनं केलंस. एकच चुकलं तुझं. जाताना चपला घालता घालता इचारलंस, "अक्का, अप्पांची ती निळी फाईल कुठं असती गं?" मी म्हटलं, कसली फाईल? तर म्हणलीस, "काय न्हाय, असंच." आणि महांतेशरावांच्या स्कूटरवर बसून सासरी कागलला गेलीस.

अगं, गप बसली असतीस तर मी सगळा कागद रद्दीत घालणार होते. रद्दीवाल्याला सांगितलं पण होतं. तुझ्या त्या 'असंच'नं मला हुडकायला लावलं. छापायच्या मोडक्या खिळ्यांच्या पेटीखाली सापडली.

अप्पांची सवय तुला ठाऊक हाय. पत्र बाहेर चाललं की खाली कार्बन. कागदवाल्याला दोन ओळी लिहिल्या तरी कार्बन. आलेलं पत्र आणि गेलेल्याची कॉपी, दोन्ही टाचणीनं एकत्र. फाईलमध्ये तशा अकरा जोड्या हायत. अकरा स्थळं, कस्तुरी. मला. पंच्याहत्तर सालापासनं एकोणऐंशीपर्यंत. निपाणीचं, हुक्केरीचं, इचलकरंजीचं यंत्रमागवाल्याचं. आणि खाली अप्पांचं उत्तर, 'आपल्या चिरंजीवांची पत्रिका आमच्या कन्येच्या पत्रिकेशी जुळत नाही, क्षमस्व.' माझी पत्रिका! माझा जन्म सकाळचा का सांजचा हे अव्वाला धड सांगता येत न्हाय, पत्रिका कोण काढतंय?

अक्षर तुझं हाय. अप्पांचं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय, आणि तुला शाळेत हस्ताक्षराचं बक्षीस. ते सांगायचे, तू लिहायचीस. पहिलं लिहिलंस तवा बारा वर्षांची होतीस. बारा वर्षांच्या पोरीला मी काय म्हणत न्हाय. पण तू बाराचीच राहिली न्हाईस की.

दुपारी दोनला टपाल यायचं. माझे हात कोपरापर्यंत शाईत, म्हणून तू पळत जायचीस. मी आतनं इचारायची, "कस्तुरी, टपाल आलं काय गं?" आणि तू म्हणायचीस, "न्हाय अक्का." चार वर्षं. मला वाटायचं मी उंच हाय म्हणून कुणी इचारत न्हाय. म्हणून मी वाकून चालायला लागले. तू बघितलंयस ते. तू एकदा म्हणलीस पण, "अक्का, अशी काय म्हातारीवानी चालतीस?" पाठ अजून तशीच हाय.

अप्पांचं मला कळतं. ट्रेडल मशीन पायानं हाणायला आणि खिळे जुळवायला फुकटचा हात घरात असल्यावर तो कोण सोडतंय? मेलेल्या माणसाशी मी भांडत बसत न्हाय.

आता कामाचं. माझं लग्न ठरलंय. ११ मे, शनिवार. तारीख ओळखीची वाटती काय बघ जरा. पहिली पत्रिका तुला. करवली तूच, त्यामुळं पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभं राहायला लागंल.

महानंदा


शिवाजी पेठ, कोल्हापूर
२४ मार्च २००२

कस्तुरी,

तानाबाईच्या फोनवर तीनदा फोन केलास. नवरा कोण, कुठला, बिजवर हाय काय. फाईलबद्दल एक शब्द न्हाय. तानाबाई मला म्हणती, "भण किती काळजी करती बघ तुझी." मी म्हटलं, व्हय, लहानपणापासनं करती.

मागच्या पत्रात मी अकरा म्हटलं आणि सांगितलं धाचं. अकराव्याचं आता सांगते, म्हंजे नवरा कोण ते तुला कळंल.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात अप्पांचं मिरजेला ऑपरेशन झालतं. मी त्यांच्या उशाला तीन आठवडे. घरात तू आणि अव्वा. तू सोळा वर्षांची. तवा शिरोळच्या एका मास्तरांच्या घरनं पत्र आलं. मी ते फाईलीत वाचलं, तेवीस वर्षांनी. लिहिलंय, 'फोटो पाठविण्याची तसदी घेऊ नये. चिरंजीवाने मुलीस छापखान्यात काम करताना पाहिले आहे. तशीच पसंत आहे.'

तशीच पसंत आहे. शाईच्या हातांची, वाकलेली. मी ते वाक्य किती वेळा वाचलं ते तुला सांगणार न्हाय.

आणि खाली उत्तर. 'आमची थोरली कन्या महानंदा हिचा विवाह दि. ११ मे रोजी साधेपणाने पार पडला. आपण उशीर केलात. क्षमस्व.' सही अप्पांच्या नावाची, बसलिंगाप्पा. अप्पा तवा मिरजेत सलाईनवर होते. हे वाक्य तुला कुणी सांगितलेलं न्हाय, कस्तुरी. हे तू एकटीनं जुळवलंस. आणि जुळवताना खाली कार्बन घातलास! चोरी करतानापण कार्बन! मी हसले, खरंच हसले. अप्पांनी घरात शिस्त लई लावली होती.

का केलंस ते इचारत न्हाय. मी गेले असते तर खिळ्यांच्या पेटीपुढं तू बसली असतीस. तुला कॉलेजला जायचं होतं, तुझ्या नखांना शाई लागलेली तुला सोसायची न्हाय. मला सगळं माहीत हाय. तुझ्या जागी मी असते तर, हे मी रोज इचारते स्वतःला. उत्तर काय येतं ते पण सांगणार न्हाय.

तर असं हाय. माझं लग्न झालंय, तू लेखी दिलंयस. तारीख हाय, सही हाय. फक्त नवऱ्याचं नाव घालायला तू इसरलीस. मी महिनाभर बसून बघितलं कोण असंल. पंचेचाळीस वर्षांत मला कुणी जेवलीस काय म्हणून इचारलं, आजारपणात कुणी उठवून बसवलं, माझ्या पायाला कुणी तेल लावलं? एकच नाव येतंय. मीच. म्हणून मी माझ्याशी लग्न करतीय. पेठेत कळल्यावर लोक काय म्हणतील ते तू सांगायची गरज न्हाय, मी पेठेतच राहते.

अय्यांना लग्न लावायला बोलवायला मठात गेलते. ते घाबरले. म्हणाले, "अगं महानंदा, एवढंच असंल तर देवाशी लाव की लग्न. लोक पाया पडतील तुझ्या. स्वतःशी लावलंस तर दगड मारतील." मी म्हटलं, "अय्या, देव पण बाप्याच की." त्यावर त्यांनी कपाळाला इबूत लावून मला वाटंला लावलं. म्हंजे माझं मलाच लावायला लागणार.

पत्रिका जुळवून झाली. कॉम्प्युटरवर न्हाय, हातानं, जुन्या खिळ्यांनी. वराच्या जागी चि. महानंदा, वधूच्या जागी चि. सौ. कां. महानंदा. दोन्हीकडं बापाचं नाव एकच, लिंगैक्य बसलिंगाप्पा. खिळ्यांत अक्षर उलटं असतंय, त्यामुळं माझं नाव मी आयुष्यभर उलटंच वाचत आले. छापून सरळ झालं तवा जरा वेगळं वाटलं.

खाली किलबिलीची ओळ घातलीय. 'आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं!' आणि नाव, कु. रक्षिता महांतेश शेटे, कागल. ती ओळ सगळेच छापतात. मला दुसरी भाची न्हाय, मी कुणाचं नाव घालू?

एकोणीस मेला तिचा साखरपुडा हाय, गडहिंग्लजच्या घरात, हे मला अव्वानं सांगितलं. तू सांगितलं न्हाईस. असू दे.

महानंदा


शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ मे २००२

कस्तुरी,

परवा तू आलीस, शटर वाजवलंस, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलीस. "अक्का, पाया पडते! पुढच्या महिन्यात कर की! माझ्या पोरीचा साखरपुडा हुंदे, मग हत्तीवरनं वरात काढ!" मी आत होते. मी म्हटलं, तारीख मी काढलेली न्हाय. तुला ऐकू गेलं, कारण शटर वाजायचं थांबलं. अर्धा तास पायरीवर बसलीस आणि गेलीस. शटर उघडावं असं एकदा वाटलं होतं. कुलपाला हात पण लावलता.

काल लग्न झालं.

सकाळी चिमणाबाई कासारीण बांगड्या भरायला आली. तिनं रीतीनं इचारलं, "कुणाच्या नावाचा चुडा?" मी म्हटलं, माझ्या. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग माझा हात दाबून बांगडी चढवायला लागली. म्हणली, "हाड कडक झालंय तुझं बाई. ईस वर्षं आधी भरायच्या होत्यास." चार बांगड्या फुटल्या. पाचवी गेली.

हळद मीच लावली, चार कोपऱ्यांतल्या चारी तांब्यांना सूत मीच गुंडाळलं, आणि मधी पाटावर मी एकटीच बसले. मशीन भिंतीकडं सरकवलं होतं. पुढं आरसा. तानाबाई, चिमणाबाई आणि खाटेवर अव्वा, एवढंच वऱ्हाड. बाहेर बघ्यांची गर्दी, ती सोड. एक जण ओरडला, "पाहुण्यांनो, नवरदेव मिश्या काढून आलाय!" लोक हसले. मी पण हसले असते, पण हसलं की पाठ वाकती, आणि काल मी ताठ बसले होते. तीन तास ताठ. आरशात बघितलं तर बाई उंच हाय. चांगली दिसती. कस्तुरी, मी लई उंच हाय गं. मला कुणी सांगितलंच न्हाय.

मंगलाष्टका न्हाईत, काय न्हाय. मी मोठ्यानं म्हटलं, मी तुला उपाशी ठेवणार न्हाय, तुझ्याशी खोटं बोलणार न्हाय, तुला वाकू देणार न्हाय. तानाबाई आधी पदर तोंडाला लावून हसत होती, मग तसाच पदर डोळ्याला लावला. मंगळसूत्र बांधताना गाठ मागं हाताला येईना, ती तिनंच मारली.

मग अव्वापुढं अक्षता धरल्या. म्हटलं, टाक. तिनं मूठ भरली आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणली, "अकरावं चांगलं होतं बघ. मास्तर होता."

कळलं काय तुला? तिला पण ठाऊक होतं. मी हिला अंघोळ घालतीय, हिचं गादीतलं काढतीय, आणि हिच्या तोंडात ते वाक्य तेवीस वर्षं तसंच पडून होतं. माझ्या हातातलं ताट खाली पडलं न्हाय. मी तिला लग्नाची गोड हुग्गी भरवली, तोंड पुसलं आणि कूस बदलून झोपवली.

हुग्गी मी दोन वाट्या खाल्ली. एक नवरीची, एक नवऱ्याची. झोप पण चांगली लागली.

महानंदा


शिवाजी पेठ, कोल्हापूर
९ जून २००२

कस्तुरी,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून सुरेख हाय. 'तू माझ्या लेकीचं वाटोळं केलंस' हे वाक्य सुद्धा कसं रांगोळीवानी दिसतंय.

काय झालं ते मी सांगते, लोकांचं ऐकू नकोस. लग्नाच्या आधी चार दिवस एक गृहस्थ दुकानात आले. धोतर, टोपी, हातात छत्री. म्हणाले, मी गणपतराव, गडहिंग्लजचा, मुलाचा चुलता. चौकशीला आलोय. रीतच हाय ती. साखरपुड्याआधी मुलीच्या नात्यागोत्यात एक चक्कर मारायची, गोड बोलायचं आणि वास घ्यायचा. मी म्हटलं, या पावणं, बसा. चहा दिला.

म्हणाले, "मुलगी कशी हाय हो तुमची?" मी म्हटलं, सोनं हाय. बी. कॉम. शिकती, कॉम्प्युटरचा कोर्स केलाय, घरात तोंड वर करून बोलत न्हाय. एक शब्द खोटा सांगितला न्हाय, देवाशपथ. ते खूष झाले. उठता उठता म्हणाले, "तुमचं पण काय तरी मंगलकार्य हाय म्हणं?" मी पत्रिका दिली. मागितल्यावर द्यायला नको?

चष्मा लावून वाचली. दोनदा वाचली. मग बिचारे म्हणतात कसे, "बाई, प्रूफात चूक झालीय तुमच्या. दोन्हीकडं एकच नाव पडलंय." मी म्हटलं, "चूक न्हाय पावणं. स्थळ घरातलंच हाय." मग बोट खाली खाली आलं आणि किलबिलीच्या ओळीवर थांबलं. कु. रक्षिता. कागल. अर्धा कप चहा तसाच ठेवून उठले, चपला घातल्या आणि छत्री इसरून गेले. छत्री अजून इथं हाय.

एवढंच. मी कुणाचं काय मोडलं न्हाय. एका मावशीनं लग्न केलं म्हणून ज्या घराची भाची नासती, ते घर काय कामाचं?

बरं. मी आरशापुढं खोटं बोलणार न्हाय म्हटलंय, म्हणून तुला पण सांगते. गणपतराव आपल्या आपण आले न्हाईत. गडहिंग्लजच्या घरी मी आधीच एक पत्रिका टपालानं पाठवलेली. पत्ता अव्वाकडनं काढून घेतला. त्यांना वाटलं कुणीतरी खोडी काढलीय, म्हणून खरं-खोटं करायला चुलत्याला धाडलं; दुकानात पहिल्यांदाच वाचल्यागत केलं ते सोंग. किलबिलीत नाव घालताना मला सगळं ठाऊक होतं. तू सोळाव्या वर्षी जेवढं ठाऊक असून केलंस तेवढंच.

आता फिटलं असं मला वाटायला पाहिजे होतं. तू तसं लिहिलंयस पण, 'आता तरी समाधान झालं काय?' न्हाय झालं.

महानंदा


शिवाजी पेठ, कोल्हापूर
३० ऑगस्ट २००२

कस्तुरी,

रक्षिता इथं हाय. पोलिसात जाऊ नकोस.

काल सकाळी आली. पिशवी आपटली आणि उभ्यानंच, "मावशी, तुला लाज वाटती काय? माझं काय वाईट केलतं मी?" मी म्हटलं, तू काय केलं न्हाईस. "मग?" मी ताट घेतलं. म्हटलं, जेव आधी. भात-आमटी वाढली. रडत रडत जेवली, दोनदा भात घेतला. म्हणली, "घरात आई रोज रडती, बाबा बोलत न्हाईत, कॉलेजला पाठवत न्हाईत, लोक बघत्यात. मी तिथं राहून काय करू?"

फाईलचं तिला काय ठाऊक न्हाय. तू सांगितलं न्हाईस. मी पण न्हाय सांगितलं. तिला वाटतंय मावशी खुळी हाय. तेच बरं हाय, खुळ्या माणसावर राग टिकत न्हाय.

दुपारी ती कॉम्प्युटरपुढं बसली. मी तो हप्त्यानं घेतलाय, पण मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाय, झाकून ठेवलेला. तिनं झाकण काढलं आणि तासाभरात एका बारशाचं कार्ड करून दाखवलं. बोटं कशी पळत होती कस्तुरी! मी मागं उभी राहून बघत होते. अप्पा माझ्यामागं असेच उभे राहायचे, मला आता आठवलं.

चार दिवस राहू दे. मग पाठवते.

महानंदा


शिवाजी पेठ, कोल्हापूर
१८ फेब्रुवारी २००४

कस्तुरी,

दीड वर्षानं लिहितीय. अव्वाच्या मातीला आपण दोघी एका घरात होतो, पण बोललो न्हाय, म्हणून ते मोजत न्हाय.

चार दिवस राहू दे म्हटलेलं, ती अजून इथंच हाय. तू दोनदा न्यायला आलीस, ती आली न्हाय. मी धरून ठेवलेली न्हाय. खरंच न्हाय. छापखाना तिनं उभा केलाय. ट्रेडल मोडीत काढली, खिळे वजनावर गेले. आता पत्रिका ती करती, मी फक्त प्रूफ वाचते, ते पण भिंग धरून. सकाळी ती माझ्या पाठीला तेल लावती. जेवलीस काय म्हणून इचारती. तिला मावशीचं खूळ पण आता आवडतंय. मला हसती आणि म्हणती, "तुझा नवरा लई नशीबवान हाय गं." मंगळसूत्र मी अजून घालते. ११ मेला ती माझ्यासाठी हुग्गी करती.

मागच्या दिवाळीत निपाणीचा एक मुलगा भणीची पत्रिका करायला आलता. इरूपाक्ष नाव. पत्रिकेला एक चक्कर पुरती, तो संक्रांतीपर्यंत सहा वेळा आला. प्रूफात चूक न्हाय तर काढायचा. रक्षिता आधी चिडायची, मग चूक ठेवायला लागली. मी म्हातारी असले तरी प्रूफ वाचते, मला दिसतंय.

काल त्याच्या वडलांचं पत्र आलं. पत्ता इथला, नाव माझं, कारण तिनं त्याला सांगितलंय की घरची मोठी मावशीच. बायोडाटा हाय, घराणं चांगलं हाय, मुलगा बँकेत हाय. मावशीच्या लग्नाचं त्यांना ठाऊक हाय, त्याबद्दल लिहिलंय, 'आमचे काही म्हणणे नाही.' आणि खाली काय लिहिलंय बघ. 'मुलीचा फोटो नको. चिरंजीवाने काम करताना पाहिले आहे. पसंत आहे.'

मी ते वाचलं आणि मला शिरोळ आठवलं. म्हटलं महानंदे, हे पत्र तुला आलेलं न्हाय, हे तुझ्या पोरीचं हाय, आत जा आणि तिच्या हातात दे. उठले पण. ती पाठमोरी बसली होती, बोटं पळत होती, काहीतरी गुणगुणत होती. मी दारातनं माघारी आले.

ती गेली तर मी एकटी. दुकान बंद, आणि सांजंला बोलायला भिंत. लग्नात मी मला म्हटलेलं, तुला वाकू देणार न्हाय, खोटं बोलणार न्हाय. ते सगळं खरं होतं, त्या दिवसापुरतं तरी खरं होतं. पण मी मला पुरत न्हाय, कस्तुरी. हे कुणाला सांगितलेलं न्हाय. तुला सांगतीय, कारण तुझ्यापुढं मला लाज वाटत न्हाय.

अप्पा वाईट न्हवते असं मी आता म्हणणार न्हाय. पण रात्री फाईल बंद करताना त्यांना काय वाटत असंल ते मला कळलं.

उत्तर मी काल लिहिलं. 'आमची भाची रक्षिता हिचा विवाह दि. १ फेब्रुवारी रोजी साधेपणाने पार पडला. आपण उशीर केलात. क्षमस्व.' वाक्य तुझंच हाय, एवढं चांगलं मला सुचलं नसतं. आज सकाळच्या टपालात टाकलं. कार्बन घातलता. ती कॉपी या पत्रासंगं हाय, निपाणीचा पत्ता पण त्यावर हाय.

मुलाला वाटंल, आपल्याला खेळवलं. तो आता दुकानात येणार न्हाय. मान असलेली माणसं पुन्हा येत न्हाईत. शिरोळचा मास्तर आलता काय?

कॉपी तुला का पाठवतीय? ही फाईल तिनं तेवीस वर्षांनी उघडावी असं मला वाटत न्हाय. निपाणी कागलपासनं अर्ध्या तासावर हाय. एसटीत बसायचं आणि त्यांच्या दारात जाऊन सांगायचं, हे पत्र खोटं हाय. ते इचारतील, तुम्हाला कसं ठाऊक? मग सगळं सांगायला लागंल. पहिल्यापासनं. अकराव्यासकट. महांतेशरावांच्या कानावर जाईल, रक्षिताच्या जाईल. तिची आई कोण आणि मावशी कोण ते तिला एकाच दिवशी कळंल. जमत असंल तर जा. न्हाय जमलं तर कॉपी चुलीत घाल आणि अंघोळ कर. तुझ्या पोरीचं लग्न तुझ्या हातात हाय, माझ्या हातनं ते आता सुटलंय.

हे पाकीट तीच पोस्टात टाकणार हाय, चारला, बँकेत जाताना. वर तुझं नाव बघून इतकी खूष झाली! म्हणली, "मावशी, आईला लिहिलंस? खरंच?" माझ्या गळ्यात पडली. तिच्या हाताला शाई न्हाय लागत, बरं असतंय ते.

आत्ताच दोनचं टपाल येऊन गेलं. आज काय न्हवतं, लाईटचं बिल तेवढं. ती आतनं इचारतीय, गेला महिनाभर रोज इचारतीय, मला वाटायचं कामाचं कायतरी असंल.

"मावशी, टपाल आलं काय गं?"

न्हाय म्हटलं.

महानंदा